बोरमाळेचा कस

काकू काटोलकडच्या. सोबत लग्न ठरलेली नात, नातीच्या मोबाइलमध्ये ठुशीचे चाळीसेक फोटो, आणि काकूंच्या पिशवीत लुगड्याच्या चिंधीत बांधलेली 55 मण्यांची बोरमाळ. "सासूबाईंच्या लग्नातली हाये, 63च्या उन्हाळ्यातली. तुमच्याच आजोबांनी बनवली. म्हणून गावातली दुकानं सोडून इथवर आलो जी."

नागपूरच्या इतवारीत सोनारकामात आमची ही तिसरी पिढी. असं कोणी म्हटलं की छाती फुगते. माझी जरा जास्तच फुगली.

44 मणी आटवून ठुशी करायची आणि 11 मणी जसेच्या तसे तिच्या मधोमध बसवायचे, असं ठरलं. कल्पना नातीची, आणि मला मनापासून आवडलेली. मोठ्या शोरूममध्ये हे कोणी करत नाही. तिथे जुनं सोनं तोलतात, घट म्हणजे आटवताना होणारी तूट कापतात आणि ट्रेमधला तयार दागिना पुढे सरकवतात. मजुरीवर सूट असा फलक लावला की ती सूट घटीतून वसूल होते, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. आमच्यासारख्याने घट सांगितली की मात्र तो चोर.

माळ कॅरेटमीटरवर, म्हणजे सोन्याचा कस दाखवणाऱ्या यंत्रावर ठेवली. आकडा आला शंभरात 89. मी लगेच म्हणालो, "काकू, माल चांगला आहे, आजोबांचा हात आहे." हे बोलायला नको होतं. ते यंत्र फक्त वरची कातडी वाचतं. दागिना घडवताना तेजाबात उजळला की वरचं तांबं निघून जातं, आणि कातडी आतल्यापेक्षा चोख दिसते. शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं हे, पण मला मोह झाला.

बोरमाळ बाहेरून दिसते तेवढी सोन्याची नसते. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या पितळी ठोकळ्याच्या खळग्यात ठोकायच्या, जोडायच्या, डाग द्यायचा आणि पोटात लाख भरायची, म्हणजे मणी दाबला तरी चेपत नाही. डाग म्हणजे सांधायचं हलकं सोनं, चांदी-तांबं घालून लवकर वितळणारं. आजोबांच्या मण्यांवर भिंग धरलं तरी सांधा शोधावा लागत होता. माझ्या हातून तसं होत नाही, खोटं कशाला बोलू. हे मणी कातरताना हात जड झाला होता, पण न कातरता आगीत टाकले तर आतली लाख उकळून मणी फुटतो.

काकू समोर स्टुलावर, नात व्हिडिओ काढत होती. 44 मणी 33.6 ग्रॅम भरले. लाख जळाल्यावर राहिले 23.1. "एवढं कमी?" काकूंचा चेहरा उतरला. लाखेचं मी आधी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि काट्यावर बघणं वेगळं. मुशीत टाकणखार घालून आटवलं, लगडी निघाली 22.9ची. कस आला 81.3.

89 म्हणालेला मी, आणि समोर 81.3. 22 कॅरेटला 91.6 लागतात. डागामुळे पाच टक्के पडले असते तर मी समजून घेतलं असतं. दहा नाही पडत. हिशेब केला तर 22 कॅरेटचं सोनं जेमतेम 20.3 ग्रॅम.

काकू हळूच म्हणाल्या, "काऊन जी, सासूबाई तर बावीसचं सांगत. तुमच्या आजोबांनी फसवलं म्हणावं का?"

मी त्यांना 63 साल सांगितलं. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी 1963मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. 14 कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायलाच बंदी. 14 म्हणजे 58.5 टक्के. देशभर सोनार देशोधडीला लागले. आमची आजी सांगायची, आजोबा काही महिने सायकलवर भाजी विकायचे. त्या काळात 81चा दागिना देणं म्हणजे जोखीम घेऊन दिलेलं सोनं होतं. काकूंनी मान हलवली. नात म्हणाली, "म्हणजे पणजोबांच्या लग्नात कायदा मोडला?" आणि हसली. तिला ती गंमत वाटली, मला सुटका.

शिक्क्याचा घोळ राहिलाच. 2021पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, आता पोरी सहा अक्षरांचा नंबर ॲपमध्ये टाकून बघतात. त्यात 81चे मणी मिसळले की 916चा शिक्का मिळणार नाही. शेवटी ठुशी नव्या सोन्याने पूर्ण 22ची केली, आणि ते 11 मणी काळ्या रेशमात वेगळे ओवून दिले, ठुशीखाली घालता येतील असे. नातीला जसं हवं होतं तसं झालं नाही. तिने चालवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून आजोबांच्या वह्या काढल्या. 1963ची वही आहे. नोंदही आहे: बोरमाळ, मणी 55, कॅरेट 14. साहजिकच आहे, वही तपासायला निरीक्षक यायचा, तिथे 14च लिहिणार. पण मजुरीच्या रकान्यातला आकडा त्याच पानावरच्या इतर मजुऱ्यांच्या चौपट आहे, आणि गिऱ्हाइकाकडून आलेल्या सोन्याचा रकाना कोरा. वरच्या कसाचे पैसे मजुरीत दडवलेत का? दडवले असतील तर 81चे की बावीसचे? सरकारला खोटं सांगितलं हे नक्की. काटोलच्या त्या सासऱ्यांना काय सांगितलं, ते वही सांगत नाही. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं, आणि ते बहुतेक माझ्यावरच खेकसले असते.

ठुशी न्यायला आल्या तेव्हा काकूंनी पैसे मोजले, डबी पिशवीत ठेवली, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "दादा, तवाची वही असेल ना तुमच्याकडे? पाहता आली असती."

"शोधावी लागेल, काकू," मी म्हणालो. वही तेव्हा गल्ल्याच्या खालच्या खणात होती. अजून तिथेच आहे.