गोळीचा वेग वाढवावा की एकसारखा ठेवावा?

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने खानापूर-निपाणीकडच्या गावांत फौजेतून निवृत्त झालेली माणसे सहज भेटतात आणि त्यांतील अनेकांनी 7.62 मिलिमीटरची एसएलआर ही रायफल चालवलेली असते. मी इथे कोलोरॅडोत नेमबाजीसाठी वापरतो ते .308 विंचेस्टर हे 1952 साली बाजारात आलेले काडतूस त्या रायफलीच्या काडतुसाच्याच घराण्यातले आहे. फरक असा, की इथले नेमबाज वापरलेल्या पितळी पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचे) स्वच्छ करून त्यांत नवा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी), मोजलेली दारू आणि गोळी घरीच बसवतात. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे हे केवळ समजून घेण्यासाठी वाचावे.

हे ऐकल्यावर गावाकडची मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो वेगाचा: दारू वाढवून गोळी अधिक जोरात पाठवता येते का? ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत येते. परंतु त्या मर्यादेजवळ दारूचा प्रत्येक जादा कण वेगात थोडी आणि नळीतील दाबात मोठी भर घालतो. पुंगळ्या लवकर निकामी होतात, नळी लवकर झिजते आणि मर्यादा ओलांडल्यास नेमबाजाच्या जिवावर बेतू शकते.

माझ्या मते खरा हिशेब लांब पल्ल्यावरच उलगडतो. 175 ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे 2,600 फूट वेगाने सुटते असे धरू. (एक ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम.) सरासरी वेग 50 फुटांनी वाढवला, तर ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात 1,000 यार्डांवर गोळीचे वाहत जाणे साधारण तीन-चार इंचांनी कमी होते. मात्र दोन काडतुसांच्या वेगात तेवढाच 50 फुटांचा फरक राहिला, तर त्याच अंतरावर एक गोळी दुसरीपेक्षा सुमारे दीड फूट खाली लागते. वारा पाहून नेम सरकवता येतो. पुढचे काडतूस हळू निघणार की जोरात, हे घोडा दाबण्यापूर्वी कोणालाच कळत नाही. म्हणून मी कमाल वेगाच्या बराच अलीकडे थांबतो आणि आपला वेळ दारू काटेकोर तोलण्यात, एकाच जातीच्या पुंगळ्या निवडण्यात आणि पुंगळीच्या मानेची गोळीवरील पकड सारखी ठेवण्यात घालवतो.

वेगाला अजिबात महत्त्व नाही, असे मात्र नव्हे. गोळी ध्वनीच्या वेगापर्यंत, म्हणजे सेकंदाला साधारण 1,125 फुटांपर्यंत मंदावली की काही गोळ्या डगमगू लागतात, त्यामुळे लक्ष्यापर्यंत त्या टप्प्याच्या वर राहील इतका वेग लागतोच. शंभर यार्डांवर हा प्रश्नच उद्भवत नाही; तिथे गोळी पुंगळीत किती खोल बसवली आहे, याकडे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

हवामानाचाही विचार करावा लागतो, कारण अनेक प्रकारची दारू उन्हाळ्यात अधिक दाब निर्माण करते. इथल्या कडाक्याच्या थंडीत निर्धोक वाटलेले दारूचे प्रमाण जुलैच्या उन्हात मर्यादेबाहेर जाऊ शकते, म्हणून वेगमापक यंत्रावर दोन्ही ऋतूंत तपासणी करावी. तपासणी करताना तीन गोळ्या एकाच छिद्रात गेल्या म्हणून ते प्रमाण पक्के मानण्याची इथली पद्धत मला पटत नाही. तीन गोळ्यांत योगायोगाला फार वाव असतो. निदान वीस गोळ्यांचे आकडे हाती आल्याशिवाय दोन प्रमाणांत डावे-उजवे ठरवू नये.