सांगलीहून पहिलं प्रदर्शन: चित्र पूर्ण झाल्यानंतरची कामं

सांगली-मिरजेत जी.डी. आर्ट (कलेचा डिप्लोमा) किंवा बी.एफ.ए. (कलेची पदवी) करून बाहेर पडलेल्या मुलांना प्रदर्शनाचं विचारलं, की बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं: जहांगीर. स्वप्न चांगलंच आहे. पण 1952 साली मुंबईत काळा घोड्याला उभी राहिलेली ही गॅलरी अर्ज पाहून, कामं निवडून तारीख देते, आणि त्या तारखेसाठी काही वर्षं थांबावं लागतं. म्हणून अर्ज आजच करून टाका आणि विसरून जा. मधल्या वर्षांत काय करायचं, त्याबद्दल हे लिहितोय.

पहिला पैसा खर्च करायचा तो निवडीच्या प्रदर्शनांवर. कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन आहे, त्यात विद्यार्थी आणि कलाकार असे वेगळे विभाग असतात. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासूनची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया 1918 पासूनची. दिल्लीच्या ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन आहे. इथे भिंतीचं भाडं लागत नाही, प्रवेश शुल्क आणि नेण्या-आणण्याचा खर्च तेवढा लागतो, आणि काम निवडलं गेलं तर कॅटलॉगमध्ये नाव येतं. पुढच्या प्रत्येक अर्जाला तो कॅटलॉग उपयोगी पडतो.

आता बरीच निवड पहिल्या फेरीत फोटोवर होते. चांगलं चित्र इथेच मार खातं. घरातल्या ट्यूबलाइटखाली, पलंगाला टेकवून काढलेला फोटो पाठवला की चित्र हिरवट दिसतं, वरची बाजू अरुंद आणि खालची रुंद येते, वर्निशवर ट्यूबची पांढरी रेघ उमटते. परीक्षकाला तुमचा पलंग दिसतो, चित्र दिसत नाही.

फोटो असा काढा. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास गच्चीवर किंवा अंगणात, जिथे सरळ ऊन पडत नाही अशा सावलीत चित्र भिंतीवर टांगा. टेकवू नका, सरळ टांगा. समोरची भिंत रंगीत असेल तर तिचा रंग चित्रावर उतरतो, तेव्हा जागा बदला. चित्राच्या मध्यबिंदूची उंची टेपनं मोजा आणि फोनची लेन्स नेमकी त्याच उंचीवर आणा. हातात धरू नका, स्टँड लावा. जवळ जाऊन रुंद लेन्सनं काढलं तर कडा फुगतात, म्हणून दोन-अडीच मीटर मागे जाऊन 2एक्स लेन्स वापरा. शेजारी एक कोरा पांढरा कागद लावून एक जादा फोटो घ्या. त्या कागदावरून रंग दुरुस्त करायचा, आठवणीवरून नाही. चमक येत असेल तर चित्राचा कोन न बदलता जागाच बदला. शेवटी कडा अशा कापा की भिंत अजिबात दिसणार नाही. फाइलच्या नावात स्वतःचं नाव, चित्राचं नाव, माध्यम, माप आणि वर्ष. माप लिहिताना आधी उंची, मग रुंदी. हे उलटं लिहिलं तर आडवं चित्र उभं समजून जागा ठेवली जाते, आणि टांगायच्या दिवशी वादावादी होते.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय ऑनलाइन प्रदर्शना'च्या जाहिरातींत पाचशे-हजार रुपये शुल्क असतं आणि सगळ्यांनाच प्रमाणपत्र मिळतं. तीन गोष्टी तपासा: परीक्षकांची नावं आधी जाहीर केली आहेत का, मागच्या वर्षीचा कॅटलॉग दाखवतात का, आणि न निवडलेलीही कामं असतात का. कोणीच नापास होत नसेल तर ते पावतीपुस्तक आहे. अशा दहा प्रमाणपत्रांनी बायोडेटा उलट हलका होतो.

अर्जासोबत आपल्या कामाबद्दलचं निवेदन मागतात, साधारण दीडशे शब्दांचं. "माझी चित्रं मानवी भावभावनांचा शोध घेतात" हे वाक्य कुणाच्याही चित्राखाली खपतं, म्हणून कुणाच्याच उपयोगाचं नाही. त्याऐवजी "पुराचं पाणी आमच्या गल्लीत ज्या उंचीवर थांबलं, त्याच उंचीवर मी प्रत्येक कॅनव्हासला आडवी रेघ मारतो, रेघेखाली नदीचा गाळ डिंकात कालवून वापरतो" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला चित्र न पाहताही काहीतरी दिसतं. काय वापरता, कसं करता, कुठून आलं, एवढंच लिहा. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजी करून घ्या. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की ते पहिलं वाक्य हमखास येतं.

दोन-तीन निवडी पदरात पडल्या की तिघा-चौघांनी मिळून प्रदर्शन करावं. एकट्याचं करायची घाई नको, कारण त्याला एका धाग्यातली किमान पंधरा कामं लागतात आणि बहुतेकांकडे पाच धाग्यांतली तीन-तीन असतात. कोल्हापूरला दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन, पुण्यात बालगंधर्व कलादालन, ही इथून आवाक्यातली ठिकाणं आहेत. बुकिंग करण्याआधी स्वतः जाऊन भिंतीची धावती लांबी मोजा. दारं, खिडक्या, स्विचबोर्ड वजा करा.

हिशेब सोपा आहे. भिंत 60 फूट, प्रत्येकी 3 फूट रुंदीची 12 चित्रं. चित्रांना गेले 36 फूट, उरले 24. बारा चित्रांना दोन्ही टोकं धरून 13 फटी, म्हणजे प्रत्येक फट सुमारे 22 इंच. फट 12 इंचांच्या खाली आली तर चित्रं कमी करा; चौघांपैकी कुणालाच स्वतःचं चित्र वगळावंसं वाटत नाही, म्हणून हे घरी कागदावर ठरवून निघायचं. उंचीसाठी सगळ्या चित्रांचे मध्यबिंदू एका रेषेत, जमिनीपासून 58 इंचांवर ठेवा. चित्र 36 इंच उंच असेल तर वरची कड 58 अधिक 18, म्हणजे 76 इंचांवर येते. मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून 3 इंच खाली राहत असेल, तर खिळा 73 इंचांवर. तार ढिली असेल तर प्रत्येक चित्र वेगळ्या उंचीवर लोंबतं आणि अख्खा दिवस डोळ्यांच्या अंदाजानं वर-खाली करण्यात जातो. टांगणीसाठी नजर तयार करायची असेल तर एकदा टेप घेऊन सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेल्या श्री भवानी चित्रसंग्रहालयात रविवर्म्यापासून धुरंधरांपर्यंतची चित्रं आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडी शिल्प आहे. चित्रं सगळेच बघतात; तुम्ही फ्रेमा, काचेवरची चमक, दोन चित्रांमधली जागाही बघा. चित्रांना मात्र टेप लावू नका.

किंमत ठरवताना क्षेत्रफळावर जाऊ नका. उंची अधिक रुंदी, गुणिले एक दर, हे नवोदितांना बरं पडतं. दर 250 रुपये धरला तर 12 बाय 12 इंचांचं चित्र 6,000 चं आणि 24 बाय 36 चं 15,000 चं. क्षेत्रफळानं मोजलं असतं तर मोठं चित्र लहानाच्या सहापट झालं असतं, आणि मोठं कुणी घेतलंच नसतं. खासगी गॅलरी विक्रीतला साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम ठेवते. ती या किमतीतच बसली पाहिजे. घरी येणाऱ्या पाहुण्याला "तुम्हाला म्हणून निम्म्यात" दिलं की गॅलरीच्या कानावर जातंच.

पाठवणी हा आपल्या भागातला खरा प्रश्न. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई, पण चार फुटी स्ट्रेचर (मागची लाकडी चौकट) लावलेला कॅनव्हास डब्यात शिरवताना दारातच भांडण. कॅनव्हास उतरवून गुंडाळा, स्ट्रेचरच्या पट्ट्या वेगळ्या बांधा, सोबत स्टेपल गन आणि कॅनव्हास ताणायची पक्कड घ्या. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर. ऐकायला उलटं वाटतं, पण आत गुंडाळलं तर रंगाचा थर दबून सुरकुततो; बाहेर असला तर थोडा ताणतो आणि सपाट केल्यावर बसतो. गाभ्याला सहा इंची पीव्हीसी पाइप वापरा, कापड दुकानातला बारीक पुठ्ठ्याचा रूळ नको. जाड तैलरंग असेल तर गुंडाळूच नका. वरून सुकलेला दिसतो, आत महिनोन् महिने ओला असतो.

ॲक्रिलिकची गंमत वेगळी आहे. ते सुकल्यावरही उन्हाळ्यात मऊ होतं. एप्रिल-मेमध्ये टेम्पोत ठेवलेल्या चित्राला बबल शीट थेट लावली तर चित्रभर गोल गोल ठसे उमटतात आणि ते निघत नाहीत. आधी ग्लासिन किंवा सिलिकॉनचा गुळगुळीत कागद, मग बबल शीट, फुगे बाहेरच्या बाजूला, मग खाकी पुठ्ठा, कोपऱ्यांना थर्माकोल. जलरंगांना काचेऐवजी 2 मिमी ॲक्रिलिक शीट लावून घ्या. पेटी करायची वेळ आली तर मिरजेत सतारमेकर गल्लीत विचारा; भोपळ्याची सतार दूरगावी पाठवणाऱ्या लोकांना पेटीत वस्तू हलू न देण्याचं ज्ञान आपल्यापेक्षा जास्त आहे.

सांगलीतच प्रदर्शन करायचं तर नाट्यगृहाचा किंवा वाचनालयाचा हॉल मिळतो, पण भिंतींना खिळा मारू देत नाहीत. मंडपवाला झालरीचे पडदे देऊ करेल, नको म्हणा. 8 बाय 4 फुटांचे प्लायवूडचे तक्ते मागा, पांढरट रंग मारा आणि तीन-तीन तक्ते झेडच्या आकारात बिजागरीनं जोडा, म्हणजे टेकूशिवाय उभे राहतात. हॅलोजन लावू नका, उष्णता फार. गणपती आणि दिवाळीचा आठवडा सोडा, जुलै-ऑगस्ट तर सोडाच.

पैशाच्या मदतीबद्दल थोडक्यात. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती 18 ते 25 वयासाठी आहे, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. दृश्यकला त्यात येते. 25 ते 40 वयासाठी कनिष्ठ फेलोशिप, महिना 10,000. अर्ज करताना त्या वर्षीची नोटीस वाचून रक्कम आणि वयाची तारीख पडताळा. एका महिन्यानं वय उलटलेले अर्ज बाद होतात. दिल्लीच्या खोज या कलासंस्थेची पीअर्स रेसिडेन्सी (तिथे राहून काम करायची संधी) आणि कोचीच्या बिनालेबरोबरची (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) स्टुडंट्स बिनाले शिकणाऱ्यांसाठी आणि नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांसाठी बघण्यासारख्या आहेत. विक्रीपेक्षा कल्पनेला तिथे वजन असतं.

विक्री झालीच तर पावतीवर एक ओळ लिहा: पुनर्मुद्रणाचे हक्क चित्रकाराकडे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकलं म्हणून कॉपीराइट जात नाही, पण लेखी असलं की पतसंस्थेच्या कॅलेंडरवर आपलं चित्र परस्पर छापलेलं दिसलं तर बोलायला जागा राहते. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून केलेलं चित्र मात्र वेगळं. तिथे करार नसेल तर पहिला हक्क सांगणाऱ्याकडे जातो. पोर्ट्रेट करणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

प्रदर्शन संपल्यावर पुठ्ठा, पेटी, पाइप फेकू नका, त्यावर चित्राचं नाव लिहून ठेवा. परत आलेली चित्रं दोन दिवस उघडी ठेवा, मुंबईची दमट हवा घेऊन आलेली असतात. कागदावरच्या कामांना बुरशीचे पिवळे ठिपके असेच बंद पेटीत धरतात. मग उभी ठेवा, रंगाला रंग लावून नाही, पाठीला पाठ. आणि नदीकाठच्या गल्लीत राहत असाल तर रॅक पहिल्या मजल्यावर. 2019 साली आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तळमजल्यावरच्या माळ्यावर ठेवलेलं चित्रही तेव्हा सुरक्षित नव्हतं.