बडीशेपेखालची नोट

मालवणात आमच्या काकीची खानावळ आहे. खानावळ म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत सहा टेबलं, मागे चूल आणि गॅस दोन्ही, आणि गेटजवळ एक फळा, त्यावर सुरमई, बांगडा, कोंबडी वडे असं त्या दिवशी जे असेल ते खडूने लिहिलेलं. मी कुडाळला असतो पण दिवाळीत आणि मे महिन्यात काकीला गल्ल्यावर घरचा माणूस लागतो, म्हणून मला बोलावणं येतं आणि मी जातो, कारण काकीच्या हातचं तिखलं पगारात धरलेलं असतं.

गल्ल्यावर बसलं की टीप हा प्रकार एकदम जवळून दिसतो. आमच्याकडे बिल स्टीलच्या छोट्या ताटलीत जातं, सोबत बडीशेप. काही लोक नोट बडीशेपेखाली सरकवतात, म्हणजे कोणी बघू नये असं, पण सरकवताना वेटर बघतोय ना एवढी खात्री करून घेतात. काही जण सगळे सुट्टे उचलतात आणि वर बडीशेपही संपवतात. एक गृहस्थ तर ५० ची नोट ठेवून गेटपर्यंत गेले, काय वाटलं कोण जाणे, परत आले, ५० उचलले आणि २० ठेवले. मी बघतोय हे त्यांना दिसलं तेव्हा म्हणाले, टोलला लागतील. मालवणात कुठला आलाय टोल!

वाढायला आमच्याकडे एक नेपाळचा पोरगा आहे. तिसरा सीझन त्याचा. दिवाळीच्या आधी येतो, पावसाळा लागला की जातो, कारण मे संपता संपता किल्ल्याच्या होड्या बंद, स्कुबा बंद, मग पर्यटक कसला येतोय. पगार चौदा हजार, जेवण-राहणं काकीकडे. मालवणी त्याला बऱ्यापैकी येते, "सोलकढी होयी?" असं विचारतो तेव्हा पुण्याची माणसं त्याला इथलाच समजतात आणि गाव विचारतात. तो देवबाग सांगतो. खरं सांगत बसायला वेळ कुठे असतो.

आता या पोराचं एक निरीक्षण. गाडी गेटला लागली की तो आधी नंबरप्लेट बघतो. एमएच १२ किंवा १४ असेल आणि सोबत लहान मुलं असतील तर त्याची चाल बदलते, पाणी लगेच, पंखा फिरवून देणार, पापड आपणहून. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर आमचे एक रिटायर मास्तर रोज बांगडा थाळी खातात, वर्षानुवर्षं, त्यांनी कधी रुपया टीप ठेवलेली नाही, तर त्यांची दुसरी वाटी सोलकढी नेहमी सगळ्यात शेवटी येते. मास्तर काही बोलत नाहीत, वाटी हातात धरून बसतात. मला ते बघून फार अवघडायला होतं, कारण थाळीचे पैसे त्यांनी पुण्यावाल्याएवढेच दिलेले असतात आणि तेही रोज. पोराला दोष देऊन पण काय उपयोग, त्याच्या जागी मी असतो तर मीही नंबरप्लेटच बघितली असती.

मी एकदा त्याला विचारलं, समज काकीने पगार चार हजार वाढवला आणि बाहेर पाटी लावली की टीप देऊ नये, चालेल का? तो हसला. म्हणाला, पगार घरचा, टीप माझी. म्हणजे पगार एक तारखेला घरी जातो, आई, धाकटी बहीण, कर्ज. टीप मात्र त्याच्या खिशात राहते, त्यात त्याचा रिचार्ज, त्याची जीन्स, रविवारचा बाजार. ख्रिसमसच्या आठवड्यात एखाद्या दिवशी सहाशे-सातशे सुटतात. हे ऐकल्यावर माझा जो काय वैचारिक मुद्दा तयार होता तो जरा बसलाच.

पण मग यूपीआय आलं ना. म्हणजे आलं २०१६ लाच, आमच्या गल्ल्यावर पोचलं करोनानंतर. आता बिल १३४० झालं की माणूस १३४० टाकतो, स्पीकर ओरडतो, विषय संपला. सुट्टे परत द्यायचेच नाहीत तर ताटलीत राहणार काय? रोखीच्या जमान्यात निम्मी टीप माणसाच्या दानतीतून नाही, कंटाळ्यातून यायची, कोण ते दहा-वीस उचलत बसणार म्हणून. तो कंटाळा यूपीआयने संपवला आणि पोराची कमाई सरळ अर्ध्यावर आली. शेजारच्या एका होडीवाल्याने मोबाईलच्या कव्हरमागे स्वतःचा क्यूआर चिकटवलाय, काठावर उतरताना मोबाईल असा हातात धरतो की तुमची नजर तिथेच जाणार. आमच्या पोराला ते जमत नाही, लाजतो.

काही भली माणसं विचारून टाकतात. "यात ५० तुझे हां" म्हणतात आणि १३९० स्कॅन करतात. ते जातात काकीच्या खात्यात. मग काकी कालनिर्णयच्या जुन्या पानामागे लिहिते, पोरगो ५०, आणि रात्री हिशोबाला गल्ल्यातून काढून देते. एका रात्री स्पीकर १४०० ओरडला, बिल होतं १३४०, आणि गिऱ्हाईक काही न बोलता निघून गेलं. आता हे ६० कोणाचे? मी म्हटलं, चुकून आले असतील. पोरगा काहीच म्हणाला नाही, फक्त टेबल पुसायचं थांबला. काकी म्हणाली, "माझे कशे झाले रे झिला? मी काय वाढूक गेल्लंय?" आणि लिहिलं, पोरगो ६०.

आमच्या काकीचं ठीक आहे, पण प्रत्येक गल्ल्यावर काकी बसलेली नसते. कार्डवरची, ऑनलाईनवाली टीप मालकाच्या खात्यातच मुरते ही तक्रार जगभर आहे. ब्रिटनमध्ये तर त्यासाठी कायदाच करावा लागला, ऑक्टोबर २०२४ पासून तिथे टीप पूर्ण कामगारांना वाटायची, मालकाने त्यातला पैसासुद्धा ठेवायचा नाही.

अमेरिकेत याच्याही वरची गंमत. तिथल्या केंद्राच्या कायद्याने टीप मिळणाऱ्या माणसाला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतं, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बाकीच्यांचं किमान वेतन ७.२५, मधली तफावत गिऱ्हाइकाच्या टीपेतून भरून निघेल असं धरलेलं, नाहीच निघाली तर मालकाने भरायची. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत हे चालत नाही, तिथे पूर्ण वेतन देऊन वर टीप. पण बाकी ठिकाणी म्हणजे वेटरचा पगार कोण देतंय तर मास्तरांसारखी माणसं देत नाहीयेत आणि पुण्यावाले देतायत, असा तो प्रकार. आपल्याकडे किमान वेतनाचा कायदा १९४८ चा, आता तो नव्या वेतन संहितेत गेला, त्यात निदान टीप वजा करून पगार लावायची सोय नाही. आता कायद्यातलं किमान वेतन आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलातला खरा पगार यांची गाठभेट किती वेळा होते हा विषय वेगळा, त्यात मी पडत नाही, मला गावात राहायचंय.

मुळात आपल्याकडे टीप नव्हती का? होती, पण तिला पोस्त म्हणायचे. दिवाळीची पोस्त. पोस्टमन यायचा, झाडूवाला यायचा, आणि आमच्याकडे सगळ्यात मान वायरमनला, कारण जून-जुलैत माडाचं झाप तारेवर पडलं की रात्री भर पावसात तोच खांबावर चढणार. त्याला आजी ताटात फराळ आणि वर पैसे द्यायची आणि तो न लाजता घ्यायचा, उलट आला नाही तर आजी निरोप पाठवायची की वायरमन रागावला काय. यात आजच्या आज काही मोजलं जात नव्हतं. चहा गरम होता का, हसून वाढलं का, असलं काही नाही. वर्षभराची ओळख आणि वर्षातून एकदा पैसे. (शिमग्याला पोरं रस्त्यात दोरी धरून शबय मागतात तो निराळा प्रकार, त्याला मी सरळ खंडणी म्हणतो, अर्थात लहानपणी दोरीचं एक टोक माझ्याच हातात असायचं.)

आणि पोस्तीवरून बोनस आठवतो. आमचे आजोबा परळला गिरणीत होते, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातलं निम्मं गाव गिरणीतच असायचं, सिंधुदुर्ग वेगळा व्हायचा होता. त्यांच्याही आधीच्या पिढीची ही गोष्ट. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांना रग्गड नफा झाला, मग मालकांनी खूष होऊन वर्षाला बोनस द्यायला सुरवात केली, आणि १९२३ सालचा बोनस द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाले नफा नाही. १९२४ च्या सुरवातीला मुंबईतले दीड लाखावर कामगार संपावर गेले. सरकारने हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांची समिती नेमली आणि समितीने सांगितलं की बोनसवर कामगारांचा कसलाही हक्क नाही. म्हणजे थोडक्यात, ती टीप होती, साहेबांची मर्जी. संप मोडला, कोकणातली माणसं हात हलवत परत साच्यावर गेली. पण मागणी काही मेली नाही आणि १९६५ ला बोनसचा कायदा झाला. आज कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के आहे, हिशोब करा, बरोबर बारातला एक महिना. आजोबा दिवाळीला बोनस घेऊन गावी यायचे तेव्हा त्यांना कोणाला थँक्यू म्हणावं लागत नव्हतं, हे मला आता गल्ल्यावर बसून कळतं. पोरगा २० रुपयांसाठी दिवसातून चाळीस वेळा थँक्यू म्हणतो.

म्हणून माझं मत पगाराच्या बाजूने आहे. पण ते काकीला सांगितल्यावर तिने मला आत नेलं.

आत तीन बाया असतात. एक वडे थापते, एक मासे साफ करते आणि तळते, एक सकाळी आठपासून आडाळ्यावर बसून नारळ खोवते आणि नंतर भांड्यांना लागते. गिऱ्हाईक ज्या सोलकढीला वा वा करतं ती तिची असते. तिला आजवर कोणी एक रुपया टीप दिलेली नाही, कारण ती दिसतच नाही. काकीचं म्हणणं, "पगार वाढवूचो तर सगळ्यांचो. आणि टीप वाटूची तर ती पण रापणीसारखी." रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं, दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढतात आणि मग म्हावऱ्याचे वाटे पडतात, दोर कोणी कुठे धरला होता हे कोणी विचारत नाही, बघायला आलेल्या पर्यटकाने हात लावला तर त्याच्या पिशवीतही चार बांगडे पडतात. हॉटेलवाले बिलात सर्व्हिस चार्ज लावायचे तेव्हा सांगायचे हेच, की आम्ही तो सगळ्या स्टाफला वाटतो. वाटत असतीलही. पण तो गिऱ्हाइकाला न विचारता लावायचा, म्हणून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ ला बिलात परस्पर घालायला मनाई केली आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टाने ती मनाई योग्य ठरवली. मला ते पटतं. थाळी ४०० ची करायची तर फळ्यावर ४०० लिहा ना, खाली बारीक अक्षरात कशाला.

तर काकीने फळ्यावर लिहिलं. सुरमई थाळी ३८० ची ४०० केली, बाकीच्या पण दहा-वीसने वाढवल्या, चौघांचे पगार वाढवले, आणि टीप जी येईल तिचे चार वाटे ठरले. पोरगा पहिले दोन दिवस घुम्यासारखा होता, चूक नाही त्याची. न्यूयॉर्कमध्ये डॅनी मेयर म्हणून मोठा हॉटेलवाला आहे, त्याने २०१५ मध्ये टीप बंद करून पदार्थांचे दर वाढवले होते, पाच वर्षांनी २०२० मध्ये त्यालाही टीप परत सुरू करावी लागली. आमचं तर पडवीतलं दुकान.

तिसऱ्या दिवशी एक फॅमिली आली, गेल्या वर्षीही आलेली. चार सुरमई. बिल बघून साहेब सरळ गल्ल्यावर. "मावशी, गेल्या वर्षी ३८० होती ना? तुम्ही लोक पण आता लुटायला लागलात." काकी काही बोलली नाही, मी मासे महागले वगैरे पुटपुटलो. त्यांनी कपाळाला आठ्या घालून स्कॅन केलं, १६०० बरोबर, स्पीकर ओरडला. आणि गेटकडे जाताना पोराच्या खांद्यावर हात ठेवला, पाकिटातून १०० ची नोट काढली, त्याच्या शर्टाच्या खिशात घातली आणि म्हणाले, "मस्त वाढलंस हां." बायको कौतुकाने बघत होती.

गाडी गेल्यावर काकी म्हणाली, "बघलंस? माका ऐंशी जास्त देताना पोटात दुखला, तेका शंभर दिल्यान."

मी म्हटलं, अगं ते ८० पण या चौघांच्यातच जाणार ना, पगारात. काकी म्हणाली, "तेका खंय म्हायती? आणि म्हायती असला तरी पगार दिल्यार खांद्यार हात ठेवूक गावता काय?"

तेवढ्यात पोरगा ती नोट घेऊन गल्ल्यावर आला. चार वाटे करायचे तर २५-२५. काकीने गल्ला उघडला, खालचा कप्पा ओढला, डबा उपडा केला. एक दहाची फाटकी नोट आणि दोन रुपये. सगळे स्कॅन करतात, सुट्टे राहिलेत कोणाकडे. शेवटी तिने कालनिर्णयचं पान ओढलं आणि पेन शोधायला लागली.