उडीचा पत्ता आणि आउटपुटचे गुण

आर्णी तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बारावीला संगणकशास्त्र शिकवतो. इंटेलने १९७६ साली आणलेला ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर त्यात येतो, आणि त्याच्या किटवर, म्हणजे सरावासाठीच्या छोट्या संचावर, प्रोग्रॅम थेट यंत्रभाषेत, एकेक बाइट कळपाटीवरून दाबून भरावा लागतो. डिस्प्लेवर चार आकडे पत्त्याचे आणि दोन डेटाचे दिसतात. चूक झाली तरी किट कुठलीही सूचना देत नाही, ते चुकीचा आदेशही इमानाने पाळते.

प्रात्यक्षिक परीक्षेत एका मुलीला दोन संख्यांपैकी मोठी शोधण्याचा प्रश्न आला. संख्या २०५० आणि २०५१ या पत्त्यांवर होत्या, उत्तर २०५२ वर ठेवायचे होते. तिच्या हाती आलेल्या ऑपकोड तक्त्याची, म्हणजे कोणत्या आदेशाला कोणता बाइट हे सांगणाऱ्या यादीची, झेरॉक्स कडेला इतकी पुसट होती की तुलनेच्या आदेशांची ओळ वाचता येत नव्हती. दुसरा तक्ता देऊ का, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “सर, मले पाठ नाही, पण काढता येते.”

तिने कागदावर १० १११ ११० असे लिहिले. पहिले दोन बिट आणि मधले तीन मिळून ‘अ‍ॅक्युम्युलेटरशी तुलना करा’ असा आदेश होतो (प्रोसेसर ज्या कप्प्यात हिशेब करतो तो हा), आणि शेवटचे ११० म्हणजे एच आणि एल या कप्प्यांच्या जोडीत ज्या जागेचा पत्ता आहे ती मेमरी. चार-चार बिटांचे गट पाडले की सोळाच्या पायाच्या मोजणीत, जिथे नऊनंतर ए ते एफ येतात, बीई मिळते. पुढची उडी, म्हणजे जेएनसी (कॅरी हा हातचा-उसन्याचा बिट शून्य असेल तरच दिलेल्या पत्त्यावर जा), डी२ होती, पण उडी कुठे घ्यायची तो पत्ता अजून ठरलेला नव्हता. तिने दोन घरे रिकामी ठेवून पुढचे आदेश लिहिले, पत्ते मोजले आणि मग २००ए हा पत्ता ०ए २० असा भरला, कारण ८०८५ पत्त्याचा खालचा बाइट आधी मागतो. वर्षभर घोकून आलेली मुले नेमकी याच जागी २० ०ए लिहितात. २१ ५० २० पासून ७६ पर्यंत तिचे तेरा बाइट मी पडताळले. एकही चुकलेला नव्हता. तिने मला उलट विचारलेही, की याच रचनेने ०१ ११० ११० म्हणजे मेमरीतून त्याच मेमरीत हलवणे व्हायला हवे, मग ७६ हा थांबण्याचा आदेश कसा? निरर्थक ठरणारी ती जागा रचनाकारांनी थांबण्यासाठी वापरली, हे मी सांगितले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारलेला नाही.

तिने सगळे बाइट भरले आणि प्रोग्रॅम चालवण्याआधीच लाईन गेली. संगणक यूपीएसवर होते, किट मात्र भिंतीतल्या सॉकेटवर. रॅममधले सगळे पुसले गेले. लाईन कधी येईल हे इकडे कोणी सांगू शकत नाही, आणि बाह्य परीक्षकांना पुढच्या केंद्रावर जायचे होते. तेवढ्या वेळात तिने कागदावर प्रोग्रॅम चालवून दाखवला: ३सी आणि ७१ घेतले, वजाबाकीत उसने घ्यावे लागते म्हणून कॅरी १, म्हणून उडी होत नाही, म्हणून ७१ अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये येते आणि २०५२ वर जाते. परीक्षकांनी ते पाहिले, मान डोलावली आणि आउटपुटच्या रकान्यात शून्य मांडले. त्यांच्याकडील गुणतक्त्यात आउटपुट म्हणजे डिस्प्लेवर दिसलेले उत्तर, एवढेच होते. त्यांनी नियम मोडला असे मी म्हणणार नाही. शेजारच्या किटवर तक्त्यावरून बाइट उतरवून, उडी का घेतली हे तोंडी परीक्षेत सांगू न शकलेल्या मुलाला ते गुण मिळाले होते, कारण त्याचे उत्तर लाईन जाण्याआधी दिसले होते. मी हरकत घेतली, ती त्यांनी ऐकून घेतली, गुण बदलले नाहीत.

यंत्रभाषा शिकवण्याचे कारण प्रोसेसर आदेश कसा वाचतो हे मुलाला कळावे, हे असेल, तर त्या दिवशी त्या खोलीत ते सर्वांत जास्त तिलाच कळले होते, आणि नेमके तेवढेच मोजायला गुणपत्रिकेत रकाना नव्हता. कागदावरच्या अशा पडताळणीला स्वतंत्र गुण असावेत, असे पत्र मी प्राचार्यांमार्फत पुढे पाठवले आहे. तोवर आमच्या वर्गाच्या अंतर्गत चाचणीत ते गुण मी देतो, आणि तक्ता कोणालाच देत नाही.