मोहाखालचा खराटा

फेब्रुवारी लागला की मला देवलापारकडच्या आमच्या गावचा मेळावा आठवतो. माझे बाबा तिथे वनरक्षक होते. 15 फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होतो, तो 15 जूनपर्यंत चालतो. त्याच्या आधीच्या एका रविवारी वन व्यवस्थापन समितीचा मेळावा वनखात्याच्या नाक्याच्या अंगणात भरायचा.

भिंतीवर जंगलाचा नकाशा टांगलेला असे. एकेका कक्षावर, म्हणजे जंगलाच्या आखलेल्या भागावर, काठी ठेवून बाबा सांगायचे, इथली रोपं जगली, इथली गुरांनी खाल्ली, इथे आग लागली होती. मधेच एखादा गुराखी उठायचा, "साहेब, ते नाल्याच्या अलीकडं नाही, पलीकडं." बाबा तिथल्या तिथे वहीत खोडून नीट लिहायचे. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. मग गावच्या बातम्या. कोणाची गाय वाघाने मारली त्याचे पैसे आले, तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पानं गोळा करायची जागा, कुठे लागणार, आणि पुड्यात 70 पानं नीट मोजून बांधा.

खरा वाद मोहफुलांवर व्हायचा. गळून पडलेली फुलं वेचताना पाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात आणि ती आग जंगलात शिरते. बाबा दरवर्षी जाळू नका म्हणून विनवायचे. एका वर्षी मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. "जाळू नका, हे सांगनं सोपं हाय, बाबू. झाडून पाह्यलं का कधी?"

अंगण चिडीचूप झालं. बाबा म्हणाले, "नाही पाहिलं, आजी. येतो."

मार्चात ते खरंच गेले, मलाही नेलं. अजून उजाडायचं होतं. वीतभर पाचोळा होता, खराट्याच्या काड्या दगडात अडकायच्या. बाबांच्या तळहाताला फोड आले. झाडून झाल्यावर आजींनी जुनं लुगडं पसरलं आणि त्यावर टपटप फुलं पडू लागली, पिवळसर, रसाने फुगलेली. एकालाही माती लागली नव्हती.

पुढच्या मेळाव्यात बाबांनी आधी हात जोडून आजींचं म्हणणं खरं असल्याचं सांगितलं. मग समितीच्या पैशातून घरटी एक खराटा वाटला. त्या दिवशी पंगतीत आलू-वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी होती. आजींनी आपल्या द्रोणातली बुंदी माझ्या द्रोणात ओतली आणि म्हणाल्या, "तुझ्या बापानं झाडलं, बाई."