तुम्ही विचारलंत म्हणून : ‘आपण दोन बॅगांवर उभे राहिलो, मग त्यांना काय अडचण होती?’

प्रश्न साधारण असा येतो. गुलामगिरी १८६५ साली संपली, नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली झाला, ओबामा दोनदा निवडून आले. आपली माणसं दोन बॅगा घेऊन अमेरिकेत आली आणि पंधरा-वीस वर्षांत घरदार करून बसली. मग काळ्या कुटुंबांचं गाडं अडलं कुठे? विचारणाऱ्याकडे उत्तर बहुतेक वेळा तयारच असतं : मेहनत, शिक्षण, घरचे संस्कार वगैरे. माझं उत्तर त्या मानाने रुक्ष आहे. घरकर्जाचे कागद बघा.

फेडरल रिझर्व्हच्या २०२२च्या पाहणीत, सगळी कुटुंबं संपत्तीप्रमाणे रांगेत उभी केली तर मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाकडे २,८५,००० डॉलर निघतात आणि काळ्या कुटुंबाकडे ४४,९००. म्हणजे सहापटीहून जास्त फरक. पगारात फरक आहे, पण सहापट नाही. मध्यमवर्गाची संपत्ती पगारातून साठते त्यापेक्षा जास्त राहत्या घरात साठते, आणि ती एका पिढीकडून दुसरीकडे जाते. म्हणून आजोबांना घर कोणत्या अटींवर मिळालं, हा प्रश्न नातवाच्या कॉलेजच्या फीपर्यंत येऊन पोचतो.

१९३०च्या आधी अमेरिकेत घरकर्ज घेणं गोऱ्यांनाही जड जायचं. किमतीची निम्मी रक्कम रोख आणायची, काही वर्षं नुसतं व्याज भरायचं आणि शेवटी मुद्दल एकरकमी फेडायचं. मंदीत ते कोणाला जमेना, जप्त्या सुरू झाल्या. मग १९३४मध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, स्थापन झाली. ही संस्था स्वतः कर्ज देत नव्हती. बँकेने दिलेल्या कर्जाचा विमा उतरवत होती, म्हणजे कर्ज बुडालं तर भरपाई सरकारी. त्या हमीवर बँका वीस टक्के रोख घेऊन वीस वर्षांसाठी पैसे देऊ लागल्या आणि प्रत्येक हप्त्यात व्याजाबरोबर मुद्दलही फिटू लागलं. अमेरिकेचा घरमालक मध्यमवर्ग उभा राहिला तो या एका युक्तीवर.

पण हमी कोणत्या घराला द्यायची, हे ठरवायला नियमावली होती. वस्तीत वेगळ्या वंशाचे लोक ‘शिरण्याची’ शक्यता असेल तर धोका जास्त, असं ती सांगायची. आणि खरेदीखतातच वंशाची अट घालून घ्या, असंही सुचवायची. डेट्रॉइटमध्ये याचं दगडी उदाहरण अजून उभं आहे. १९४१मध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी वसाहत बांधायची होती. शेजारी काळ्यांची वस्ती असल्यामुळे एफएचए हमी देईना. त्याने मध्ये सहा फूट उंच, फूटभर जाड आणि अर्धा मैल लांब भिंत घातली आणि हमी मिळाली. ही भिंत आज लोकांच्या परसांमागून जाते, तिच्या एका भागावर चित्रं रंगवली आहेत.

इथे एक दुरुस्ती, कारण हे प्रकरण हल्ली अर्धवट सांगितलं जातं. इंटरनेटवर दिसणारे, वस्त्यांना कर्जाच्या धोक्याप्रमाणे रंग दिलेले लाल-पिवळे-निळे-हिरवे नकाशे एफएचएचे नाहीत. ते होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या दुसऱ्या सरकारी संस्थेचे आहेत. तिने आपली बहुतेक कर्जं हे नकाशे तयार होण्याआधीच दिली होती, आणि काळ्या कर्जदारांनाही दिली होती. नकाशे वाचनीय आहेत (सोबतच्या फॉर्मवर ‘निग्रो : होय/नाही, टक्के’ असा रकानाच आहे), पण खरं नुकसान केलं ते एफएचएच्या नियमावलीने. नकाशा डोळ्यांत भरतो, नियमावली कोणी वाचत नाही.

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९४४च्या कायद्याने, सैनिकांसाठीही सरकारी हमीची कर्जं आली. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता. कर्ज मात्र गावातल्या बँकेनेच द्यायचं होतं. १९४७मध्ये मिसिसिपीतल्या तेरा शहरांत अशी ३,२००हून जास्त कर्जं दिली गेली. त्यांतली काळ्या सैनिकांना मिळाली दोन. त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ लेविटाउन हे स्वस्त घरांचं नवं उपनगर उभं राहत होतं. तिथलं घर दोन वर्षांनी ७,९९० डॉलरला, महिना ५८ डॉलरच्या हप्त्यावर विकत मिळू लागलं. तिथल्या सुरुवातीच्या भाडेकराराचं पंचविसावं कलम सांगत होतं की, कॉकेशियन वंशाच्या माणसांशिवाय कोणालाही इथे राहू देऊ नये. पुढच्याच वाक्यात सवलत होती : घरकामाला ठेवलेले नोकर इतर वंशाचे चालतील.

खरेदीखतातल्या अशा अटी कोर्ट राबवणार नाही, असा निकाल १९४८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. लिहिण्यावर बंदी नव्हती. नव्या अटी लिहिलेल्या घरांना हमी देणं एफएचएने थांबवलं ते १९५०मध्ये.

ज्यांना बँक दारात उभं करत नव्हती, त्यांनी घरं घेतलीच नाहीत असं नाही. त्यांनी ‘कॉन्ट्रॅक्ट’वर घेतली, शिकागोत तर सर्रास. आपल्या भाषेत सांगायचं तर नुसतं साठेखत, खरेदीखत सगळ्यात शेवटी. दलाल, वस्तीत काळे येणार म्हणून घाबरलेल्या गोऱ्या मालकाकडून घर स्वस्तात उचलायचा आणि काळ्या कुटुंबाला बऱ्याच चढ्या भावाने विकायचा. डाउन पेमेंट द्या, हप्ते भरा, दुरुस्ती आणि कर तुमच्याकडे. पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाची. एक हप्ता चुकला तरी तो घर काढून घेऊ शकत होता. भरलेलं सगळं बुडायचं आणि तेच घर पुढच्या गिऱ्हाइकाला विकलं जायचं. त्यात घरातला आपला हिस्सा साठत नाही, त्यामुळे त्यावर दुसरं कर्ज काढता येत नाही. हप्ता चुकू नये म्हणून नवरा-बायको दोन-दोन नोकऱ्या करत, पोटभाडेकरू ठेवत, दुरुस्ती पुढे ढकलत. मग वस्ती बकाल दिसू लागे, आणि बघणारे म्हणत, यांना घरं सांभाळता येत नाहीत. मेहनतीचा मुद्दा काढणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

घरविक्रीतला भेदभाव बेकायदा ठरला तो ११ एप्रिल १९६८ला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभराने. त्यातही सरकारी खात्याकडे फक्त समेट घडवण्याचा अधिकार होता. दात आले १९८८च्या दुरुस्तीने.

आता आपण. भारतीयांना मोठ्या संख्येने येऊ देणारा कायदा १९६५चा, तो पूर्ण लागू झाला १ जुलै १९६८ला. म्हणजे घराचं दार कायद्याने उघडल्यावर सुमारे तीन महिन्यांनी आपली रांग जोरात सुरू झाली. रांगेत निवड होती डॉक्टर-इंजिनिअरांची, आणि त्यांतल्या बहुतेकांची पदवी भारतातल्या करदात्यांच्या पैशांवर झालेली. कष्ट केले, यात वाद नाही. पण बॅगांत कपड्यांखाली काय होतं, तेही मोजायला हवं.

हे सगळं जुनं झालं का? मूल्यांकनात नाही. बँकेचा अप्रेझर सहसा जवळपास नुकतीच विकली गेलेली तीन-चार घरं निवडतो आणि त्यांवरून भाव काढतो. पूर्वी पाडलेला भाव असा पुढच्या व्यवहारात उतरतो. शिवाय घर काळ्यांचं आहे हे कळलं तर भाव आणखी पडेल, या भीतीने काही काळी कुटुंबं अप्रेझर येण्याआधी भिंतीवरचे घरच्यांचे फोटो काढून ठेवतात. भाव संशयास्पद कमी आला तर बँकेकडे लेखी फेरविचार मागता येतो. नुसती तक्रार चालत नाही. जास्त जुळणाऱ्या घरांचे पत्ते, विक्रीच्या तारखा आणि क्षेत्रफळ जोडावं लागतं. भेदभावाची तक्रार सरकारी गृहनिर्माण खात्याकडे एका वर्षाच्या आत, कोर्टात दोन वर्षांच्या आत.

तुम्ही घर घेत असाल तर टायटल रिपोर्टला, म्हणजे मालकी तपासल्याच्या अहवालाला, जोडलेले जुने कागद चाळा. कॅलिफोर्नियात किंवा सिअ‍ॅटलमध्ये वंशाची अट आजही सापडते. ती रद्दबातल आहे, आणि तसं नोंदवण्याचा फॉर्म काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे तिथल्या दस्त-नोंदणी कार्यालयात, मिळतो. वॉशिंग्टन राज्याने २०२३च्या कायद्याने मालमत्तेच्या दस्त-नोंदणीवर १०० डॉलर जादा शुल्क लावलं. त्यातून जुन्या भेदभावाचा फटका बसलेल्या समाजांतल्या, पहिलं घर घेणाऱ्यांना डाउन पेमेंटसाठी मदत मिळते. पात्र समाजांच्या यादीत भारतीयही आहेत. पण एक अट अशी की, अर्जदार स्वतः किंवा त्याचे आई-वडील, आजी-आजोबा अथवा पणजोबा-पणजी ११ एप्रिल १९६८च्या आधी त्या राज्यात राहत असले पाहिजेत. सिअ‍ॅटलच्या मराठी मंडळींपैकी त्यात बसणारं कोणी सापडणं कठीण.