हप्ता उतरवायचा की वर्षं?

रविवार, 7 डिसेंबर 2025

परवा रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकी बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, पाव टक्क्यानं उतरून 5.25 वर आला. आमच्या घरकर्जाचं व्याज त्यावरच हलतं. फेब्रुवारीपासून धरला तर सव्वा टक्का. संभाजीनगरच्या देवळाईतल्या आमच्या गल्लीत निम्म्या घरांना याचा फरक पडणार, पण सकाळी टँकरजवळ त्यावर चकार शब्द निघाला नाही. गावाकडं सातबाऱ्यावर बोजा चढला की सगळ्या शिवाराला माहीत होतं. इथं कुणाच्या घरावर किती आहे, ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

दुपारी कर्जाचा उतारा काढून बसले. 2021 च्या सुरुवातीला 25 लाख घेतले, 7 टक्के, 20 वर्षं, हप्ता 19,382. गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला प्लॉट पुष्कळ स्वस्तात मिळत होता, पण नियमित न झालेल्या गुंठेवारीवर बँक कर्ज देईना, म्हणून एनए (बिनशेती) लेआउटमधलं हे रो-हाउस. मग मे 2022 पासून दर चढायला लागले. वर्षाच्या आत रेपो 4 वरून 6.5 वर गेला आणि आमचं व्याज साडेनऊ टक्क्यांवर. तेव्हा नुसतं व्याजच महिन्याला 19 हजारांच्या वर होतं. जुना हप्ता तसाच ठेवला असता तर मुद्दलात जेमतेम तीनशे रुपये गेले असते! बँकेनं हप्ता 21 हजार केला, आणि तरीही राहिलेली 18 वर्षं ताणून 25 केली. घरी आला फक्त एक मेसेज. हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2023 मध्ये सांगितलं. तोवर आमचं ताणून झालं होतं.

आजवर भरले साडेअकरा लाखांच्या आसपास. मुद्दल उतरलं पावणेदोन लाखांनी. उतारा दोनदा वाचला, आकडा तोच.

पैशाची ओढाताण असतेच, तिचं फार वाटत नाही. शेंद्र्यातल्या एका कंपनीत यांना मनासारखं काम मिळत होतं, पण पगार सुरुवातीला तीन हजारांनी कमी. हो म्हणता आलं नाही. आताच्या वाळूजच्या कंपनीतला ओव्हरटाइम सोडवत नाही, कारण पाच तारखेला हप्ता कापला जातो. पाच तारखेच्या आधी घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही, हे आता लेकरांनाही कळतं. शाळेच्या फीसाठी माझ्या पाटल्या गहाण आहेत, ते तेवढं त्यांना माहीत नाही.

मामा अंबडहून आलेत. सप्टेंबरच्या पावसात कापूस गेला, सोसायटीचं कर्ज तसंच. मी दर कमी असलेल्या दुसऱ्या बँकेत कर्ज न्यायचं बोलत होते, तर म्हणाले, "मंजी नवं-जुनंच की! नवं कर्ज काढून जुनं फेडायचं. आम्ही मार्चला तेच करतो." मग हसत, "आमच्या कर्जमाफीचं 30 जूनच्या आत ठरवू म्हणलेत सरकारवाले. तुमच्या माफीला कोन बसतंय उपोषणाला?" हे हसले नाहीत.

आता भांडण असं: सव्वा टक्का पूर्ण मिळाला की हप्ता दोनेक हजारांनी उतरू शकतो, नाहीतर 21 हजारच भरत राहून साडेबावीस वर्षांतली पाच कमी होतील. यांना हप्ता उतरवायचाय, पाटल्या तरी सुटतील म्हणतात. मी वर्षांच्या बाजूची. हे आता 41 चे. साठीनंतर हप्ता कोण भरणार, ते कुणी सांगावं. नवी करप्रणाली घेतल्यावर राहत्या घराच्या व्याजाची सूटही गेली, म्हणजे कर्ज लांबवून तेवढाही फायदा नाही.

शेवटी बँकेला द्यायचा अर्ज मीच लिहिला, हप्ता तोच, मुदत कमी. सही यांची लागते. उद्या यांची पहिली पाळी, दुपारी चारनंतर घरी येतील. तोवर बँकेचं कामकाज बंद, म्हणजे गेलो तर मंगळवारी, तेही यांनी सही केली तर.